ब्रिस्टल ते रेडिंग: अण्णांबरोबर कालव्याकाठी पाच दिवस

माझे वडील, अण्णा, नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. चौतीस वर्षं त्यांनी कालव्याच्या भरावावरून सायकल हाकली. कुठे गळती आहे, कुठे कुणी रात्रीतून दार उचललंय, कुठल्या फाट्याला किती पाणी चाललंय, हे सगळं सायकलवर बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात यायचं. या मे महिन्यात ते आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी एकटे फिरून परतले आणि चहाचा कप हातात घेण्याआधी म्हणाले, "तुमच्या घरामागं कालवा आहे हे कधी सांगितलं नाहीस ते! यात नदीचं पाणी किती आणि आणलेलं किती?"

मला सांगता येईना. अकरा वर्षं मी त्या काठावरून धावायला जाते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नकाशा उघडला तेव्हा कळलं, की आमच्या घरामागून जाणारी ही केनेट अँड एव्हन कालव्याची वाट थेट पश्चिमेला ब्रिस्टलपर्यंत जाते. नद्यांचे भाग धरून एकूण ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर. शिवाय जवळजवळ या सगळ्या वाटेला समांतर राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक ४ जातो. अण्णा सदुसष्ट वर्षांचे, गुडघा थोडा कुरकुरतो, पण सायकल म्हटलं की ते कधी नाही म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी खालच्या दांडीची, सरळ बसता येईल अशी साधी सायकल भाड्याने घेतली. बॅटरीची घेऊ का, असं विचारलं तर म्हणाले, "आधी चढ तर बघू दे."

पहिला दिवस: ब्रिस्टल ते बाथ, २१ किलोमीटर

रेडिंगहून सायकलींसह रेल्वेने ब्रिस्टल. इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलींना मोजक्याच जागा असतात, त्या आधी आरक्षित करून ठेवाव्या लागतात.

स्टेशनपासून थोड्या अंतरावर आर्नोज व्हेल दफनभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. ब्रिस्टलला पाहुणे म्हणून आले असताना १८३३ मध्ये ते इथेच वारले. समाधी आपल्याकडच्या छत्रीसारखी आहे: खांब, वर घुमट. अण्णांनी टोपी काढली, दोन मिनिटं उभे राहिले. "चौथीच्या पुस्तकात होते," एवढंच बोलले.

ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथ ही मूळची आगगाडीची वाट. १८६९ मध्ये सुरू झालेली ही लाइन १९६०च्या दशकात बंद पडली. देशभर तोट्यातल्या लाइनी उखडल्या जात होत्या, त्यांतलीच ही एक. पुढे १९७९ पासून ब्रिस्टलच्या सायकलवाल्यांनी फावडी-घमेली घेऊन या पडीक वाटेवर खडी पसरायला सुरुवात केली. पहिला तुकडा बाथच्या बाजूचा. १९८६ पर्यंत सगळी वाट तयार झाली. त्याच मंडळींच्या संस्थेने पुढे सस्ट्रान्स या नावाने देशभर सायकल मार्गांचं जाळं विणलं. म्हणजे आज इंग्लंडमध्ये कुणी निळ्या पाटीवरच्या लाल चौकटीतला आकडा बघत गावोगाव सायकलवर हिंडत असेल, तर त्याची सुरुवात या एकवीस किलोमीटरच्या श्रमदानात आहे.

या वाटेवरून जाताना पायांना एक गोष्ट कळते: आगगाडीला चढ चालत नाही. त्यामुळे टेकडी आली की तिच्या पोटातून बोगदा, दरी आली की भराव. स्टेपल हिलचा बोगदा अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे. आत दिवे आहेत आणि थंडगार वाटतं. दोन्ही बाजूंना शाळेतून घरी निघालेली पोरं, कुत्री, बाबागाड्या. घंटी वाजवायची आणि हळू जायचं, हा इथला रिवाज. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. अण्णा प्रत्येकाला नमस्कार घालत होते आणि बहुतेक सगळे हात वर करून उत्तर देत होते.

बिटनला जुन्या स्टेशनात वाफेची गाडी अजून हौशी लोकांनी चालू ठेवली आहे, सायकलची वाट थोडा वेळ रुळांच्या शेजारूनच जाते. पुढे एव्हन नदी पुन्हा पुन्हा पुलांखालून आडवी येते. संध्याकाळी बाथ. पिवळसर दगडाचं सगळं शहर उन्हात मधासारखं दिसत होतं. रोमन हमामखाने, अर्धचंद्राकृती इमारतींची रांग वगैरे मी आधी दाखवलं होतं, म्हणून यावेळी लवकर झोपलो.

दुसरा दिवस: बोगदे, जलसेतू, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

बाथहून सरळ कालव्याने जाता येतं. पण आम्ही मुद्दाम वाकडी वाट केली, टू टनेल्सची. हीसुद्धा १९६६ मध्ये बंद पडलेली रेल्वे लाइन, एप्रिल २०१३ मध्ये सायकलींसाठी उघडली. पहिला डेव्हनशायर बोगदा ४०८ मीटरचा. दुसरा कूम डाउन, १,६७२ मीटरचा.

तो दुसरा बोगदा मी विसरणार नाही. तोंडाशीच गार हवेचा झोत अंगावर येतो, मे महिन्यात जाकीट चढवावं लागलं. मागचं उजेडाचं भोक बारीक होत जातं आणि पुढचं दिसत नाही. मधल्या टप्प्यात भिंतीतून हलक्या आवाजात तंतुवाद्यं वाजतात, शेजारी रंगीत दिवे उजळतात. अण्णा थांबले. भिंतीवर हात ठेवला. दगड ओला होता आणि खालच्या गटारातून पाणी निघून जात होतं. "निचरा चांगला केलाय," ते म्हणाले.

या बोगद्यांना हवा खेळायला वरून झरोके नाहीत. १९२९ मध्ये इथून जाणाऱ्या मालगाडीचे चालक धुराने बेशुद्ध झाले. गाडी तशीच उतारावरून बाथच्या मालधक्क्यात घुसली आणि तिघांचा जीव गेला. आपण संगीत ऐकत मजेत जातो त्या अंधारात माणसं कोळशाच्या धुरात गुदमरली होती, हे त्या वाटेवर कळलं पाहिजे असं मला वाटतं.

मिडफर्डच्या पुढे गावरस्त्यांनी मंक्टन कूम. इथला एक छोटा चढ अण्णांनी उतरून चालत पार केला. आणि मग एकदम डंडस जलसेतू.

जलसेतू म्हणजे काय हे अण्णांना सांगायची गरजच नव्हती. ओढ्यावरून पाट नेणारे लहानसे जलसेतू त्यांनी आयुष्यभर सांभाळले. पण इथे नदीवरून आणि शिवाय रेल्वेवरूनही एक अख्खा कालवा जातो आणि त्यातून माणसांचं घर असलेली लांबडी बोट हळूच सरकते. इंजिनिअर जॉन रेनी. १८०५ साली खुला झाला. बाथच्याच दगडात, तीन कमानी. विसाव्या शतकात कालवा फुटला, गळला, हा भाग कित्येक वर्षं कोरडा होता. लोक त्यातून चालत जायचे.

का गळला, ते पुढच्या पाटीवर वाचलं. या दरीच्या डोंगरउतारावरचा चुनखडीचा खडक भेगाळ आहे आणि जमीन सरकते. मूळ अस्तर चिकणमातीचं. माती पाण्यात कालवायची, पायांनी तुडवून तुडवून लोणी करायची आणि तळाला थापायची. दुरुस्तीच्या वेळी तिथे काँक्रीट घातलं. अण्णा म्हणाले, "आमच्याकडं खेकडे भोकं पाडायचे भरावाला. रात्री दोनला उठून गोणपाट कोंबलंय मी." मग बराच वेळ ते पाण्याकडे बघत बसले. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

जेवण झाल्यावर एका जुन्या पुलाखाली त्यांना दगडात आडव्या खाचा दिसल्या. कालव्याकाठच्या या वाटेला टो-पाथ म्हणतात, कारण घोडे इथून चालत दोराने बोटी ओढायचे. ओला, वाळू लागलेला दोर वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्याला घासून दगड कापला गेला. अण्णांची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत खाचेत गेली. गावाकडच्या विहिरीच्या काठावर अशाच खाचा आहेत, तिथे मी लहानपणी बोटं घालायची.

ॲव्हनक्लिफला दुसरा जलसेतू, त्याची मधली कमान बांधल्यावर लवकरच खचली, तशीच आहे. मुक्काम ब्रॅडफर्डला. तिथलं चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार बघा, चुकवू नका. एक्कावन्न मीटर लांब. वरच्या लाकडी कैच्यांवर दगडी कौलांचं छप्पर, शंभर टनांच्या घरातलं. मठाच्या जमिनीतलं धान्य इथे साठायचं. अण्णांनी मान वर करून तुळया मोजायला घेतल्या आणि मला गप्प बसायला सांगितलं.

तिसरा दिवस: ब्रॅडफर्ड ते डिवाइझेस, २० किलोमीटर

सकाळभर सपाट, बारीक खडीची वाट. दोन्ही हातांना हॉथॉर्नची कुंपणं, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. काठाला नॅरोबोटी बांधलेल्या: टपावर सरपणाच्या मोळ्या, कुंड्या, सायकली. धुराड्यातून लाकडाचा वास. बोट जेमतेम सात फूट रुंद, पण लांबी मात्र आगगाडीच्या डब्याएवढी. त्यातच चूल, त्यातच बिछाना.

सेमिंग्टनला २००४ मध्ये बांधलेला नवा जलसेतू आहे. खाली हमरस्ता, वर कालवा. त्याच्या थोडं पुढे माझं मागचं चाक बसलं. हॉथॉर्नचा काटा.

माझ्याकडे चिकटवायचं तयार ठिगळ होतं. अण्णांनी ते बाजूला ठेवलं. सायकल उलटी केली, टायर लिव्हरने काढला, ट्यूबमध्ये हवा भरली आणि काठावर उकिडवं बसून ती कालव्यात बुडवली. ट्यूब हातातून थोडी थोडी सरकवत गेले. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे नख रोवून धरलं, ट्यूब सदऱ्याला पुसली, काचकागदाने घासली, सोल्युशन लावून फुंकर न घालता वाळू दिलं आणि मग ठिगळ. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला. "काटा आतच राहिला तर पंक्चर काढून उपयोग काय?" शेजारच्या बोटीवरचे एक गृहस्थ हे सगळं बघत होते. ते न बोलता दोन कप चहा घेऊन आले. मग दोघांनी आपापल्या भाषेत पाण्याविषयी बोलायला सुरुवात केली, मी दुभाषी. बोटीवाल्याची तक्रार: उन्हाळ्यात पातळी उतरते, बोट तळाला टेकते. अण्णा: "तक्रार तीच. आमचे शेतकरीपण हेच म्हणायचे."

दुपारी केन हिल. फोटो शेकड्यांनी पाहिले असतील, तरी पायथ्याला उभं राहून वर बघितलं की छाती दडपते. तीन किलोमीटरच्या आसपास अंतरात २९ लॉक आणि चढ २३७ फूट. त्यातले मधले सोळा एका सरळ रेषेत, काळ्या-पांढऱ्या दरवाजांच्या पायऱ्यांसारखे टेकडीवर चढत गेलेले. प्रत्येकाच्या बगलेला पाण्याचा तलाव, कारण दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच नाही.

ज्यांनी लॉक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट खालून आत येते, मागचे दरवाजे बंद होतात, वरच्या दरवाजातली झडप हँडलने उचलतात, वरचं पाणी हौदात येतं, बोट उचलली जाते. दोन्ही बाजूंचं पाणी समान झालं की दरवाजा पाठीने रेटून उघडतो. त्याआधी दहा माणसं लावली तरी हलत नाही. वीज लागत नाही, मोटर लागत नाही. अण्णांना एका स्वयंसेवकाने दरवाजा ढकलू दिला. ओकाचा तो सोंडेसारखा आडवा वासा, त्याला पाठ लावून, जमिनीत बसवलेल्या विटांच्या पट्ट्यांत टाच रोवून ते मागे मागे चालत गेले. दरवाजा हलला तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला.

मग हिशोब. बावीस मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद, अडीच मीटर उंची: एका लॉकचं पाणी दोन लाख तीस हजार लिटरच्या आसपास. बोट वर जाओ की खाली, प्रत्येक वेळी एवढं पाणी खालच्या अंगाला जातं. "मग वरचा तलाव आटत कसा नाही?" १९९६ मध्ये पायथ्याला पंप बसवला आहे. तो दिवसाला ३.२ कोटी लिटर पाणी परत माथ्यावर चढवू शकतो. म्हणजे दर अकरा मिनिटांना एक लॉकभर. हा आकडा ऐकून अण्णांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतला.

हे लॉक १८१० मध्ये पुरे झाले. तोपर्यंत टेकडी चढवायला घोड्यांची ट्रामगाडी होती, खालच्या बोटीतला माल वरच्या बोटीत नेणारी. पुढे रेल्वे आली आणि रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. १९५०च्या दशकात तो कायमचा बंद करण्याचा बेत झाला तेव्हा वीस हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन लोकांनी पाण्याच्या वाटेने लंडनला नेलं. नंतरची कित्येक वर्षं स्वयंसेवक चिखल उपसत राहिले. ऑगस्ट १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांनी याच केन हिलवर कालवा पुन्हा खुला केला.

कडेची वाट चढाची आहे, पण बेताची. अण्णा सायकलवरून न उतरता वर पोचले.

चौथा दिवस: डिवाइझेस ते हंगरफर्ड, ४५ किलोमीटर

डिवाइझेसच्या पुढे कालवाकाठची वाट खडबडीत, गवताळ होते. म्हणून सायकल मार्ग प्यूझीच्या खोऱ्यातल्या गावरस्त्यांवर जातो. रस्ते एका गाडीपुरते, तासाभरात चार गाड्या भेटल्या. शाकारलेली घरं, गव्हाची शेतं, आणि डावीकडे खडूच्या टेकड्यांची लांबच लांब पाठ. ऑल्टन बार्न्सला त्या हिरव्या पाठीवर गवत काढून कोरलेला पांढरा घोडा आहे, १८१२ सालचा. सगळी सकाळ तो आमच्या बरोबर चालत होता.

अण्णांना त्या शेतांत एक गोष्ट खटकत होती. शेवटी बोललेच: "एवढा कालवा जवळून गेलाय, आणि एकाही शेताला चारी नाही?" नाही. पाऊस पुरतो. हा कालवा शेतीसाठी नाही, मालासाठी खोदला. त्यांना हे पटायला प्यूझी गाठावं लागलं.

दुपारी क्रॉफ्टन, आणि रेडिंगला त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. कालव्याचा माथा इथे जवळच आहे. इथून पाणी दोन्ही बाजूंना उतरतं, आणि माथ्यावर नदी नाही. मग माथ्याला पाणी कुठून? खाली झऱ्यांचा एक तलाव आहे, विल्टन वॉटर. ते पाणी वाफेच्या इंजिनाने चाळीस फूट उचलायचं आणि उघड्या चरातून जवळजवळ मैलभर वाहू देत माथ्यावर सोडायचं. "चर कुठला, तो पाट आहे," अण्णा म्हणाले, आणि खरंच दुसरा शब्द नाही. बोल्टन आणि वॅट यांचं १८१२ सालचं इंजिन तिथेच, त्याच इमारतीत आहे आणि आजही ठरलेल्या दिवशी तेच काम करतं. एरवी विजेचे पंप चालतात. आम्ही गेलो तेव्हा इंजिन थंड होतं. तेलाचा वास, घासून चकाकणारं पितळ, आणि वरच्या मजल्यावर ओतीव लोखंडाची ती प्रचंड तुळई. एका टोकाला वाफ, दुसऱ्या टोकाला पाणी.

तिथून टेकडीवर विल्टनची पवनचक्की दिसते. ती १८२१ ची. ती का बांधली? कालव्याने ओढ्याचं पाणी घेतलं आणि खालच्या पाणचक्क्या बंद पडल्या. पीठ दळायला मग वाऱ्याचा आसरा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा इंजिनाकडे पाठ करून पवनचक्कीकडे बघत उभे राहिले. "वरचा घेतो, तेव्हा खालच्याचं जातं," ते म्हणाले. "पाणी नवीन तयार होत नाही. चौतीस वर्षं मी हेच भांडण मिटवत होतो."

हंगरफर्डला पोचेतो सात वाजले. उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे घाई नव्हती. गुडघ्याला तेल चोळलं.

पाचवा दिवस: हंगरफर्ड ते रेडिंग

न्यूबरीपर्यंतचा प्रवास पावसात. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, फक्त मडगार्ड असलेली सायकल घ्या.

न्यूबरीपासून खाली कालवा आणि नदी एकमेकांत मिसळतात. हा भाग सगळ्यात जुना: केनेट नदीच १७२३ पर्यंत खोदून, वळणं कापून बोटींसाठी तयार केली. बाथकडचा कालवा नंतरचा. थॅचमजवळ मंकी मार्श नावाचं लॉक आहे, त्याच्या बाजू दगडी नाहीत, गवताच्या उताराच्या आहेत. पूर्वी असेच असत, आता या कालव्यावर असे दोनच राहिलेत. काठाने मधूनमधून काँक्रीटची ठेंगणी खोपटी लागतात, बंदुकीच्या भोकांची. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरलं तर या पाण्याच्या रेषेवर अडवायचं ठरलं होतं.

ऑल्डरमॅस्टनला रस्त्याचा पूल उचलून बोटीला वाट देतात, दहा मिनिटं गाड्या मुकाट उभ्या. थीलनंतर वाटेवर ओळखीचे लोक दिसायला लागले. आमच्या घराची गल्ली आली तरी अण्णा वळले नाहीत. "पाणी संपेपर्यंत जायचं."

शहर ओलांडून केनेट थेम्सला मिळते तिथे आलो. डोक्यावर रेल्वेचा पूल, समोर रुंद नदी, हंस. अण्णांनी सायकल स्टँडवर लावली, खाली उतरून हात पाण्यात घातला आणि ओला हात डोळ्यांना लावला.

तेवढ्यात काकांचा फोन आला. नीरा डाव्याचं उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. अण्णा बाकावर बसले, फोन कानाला घट्ट धरला.

"बरं झालं. आणि टेलला? शेवटच्या टोकाला पोचलं का?"